तारीख नसलेला डबा

२८ जानेवारी २०२५, मंगळवार

अनिलचं नाव यादीत आलं. वनरक्षक. मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते, तेवढ्यात त्याचा फोन आला. "आई, झालं बघ," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मग मीही रडले. आमची मदतनीस शिवकन्या एका पोराला काट्यावर धरून तशीच उभी राहिली. तिला वाटलं घरात कुणी गेलं. खरं काय ते सांगितल्यावर तीही रडली आणि काट्यावरच्या पोरानं घाबरून भोकाड पसरलं. त्याचं वजन लिहायचं राहिलं, उद्या घ्यावं लागेल. तशीही रजिस्टरमधली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली आहेत, त्यांची वजनं मार्चमध्येच होतील.

घरी आले तर हे अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून सांगत होते. तीस वर्षं एसटी चालवली, पण ह्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आत्याबाई मात्र भिंतीला टेकून शांत बसल्या होत्या. माझी सासू पंच्याऐंशीची आहे, ऐकायला कमी येतं, पण जे ऐकायचं ते बरोबर येतं. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "भांडं कोनतं घेनार?"

ही रीत त्यांचीच. त्यांच्या लहानपणी गावात पाणी प्यायचं तर वरून ओंजळीत पडायचं, भांड्याला हात लावायची सोय नव्हती. हे सातवी पास झाले तेव्हा आत्याबाईंनी मजुरीतून एक पितळी तांब्या घेतला आणि त्यावर ह्यांचं नाव, 'सातवी पास' आणि तारीख टाकून घेतली. तेव्हापासून घरात कुणाचं काही चांगलं झालं की नाव टाकलेलं भांडं येतं आणि त्या दिवशीची खीर त्याच भांड्यातून वाटतात. नियम एकच. ज्याचं भांडं त्यानं आपलं आपण घ्यायचं नाही, घरानं द्यायचं.

मांडणीवर वरच्या फळीला ही सगळी भांडी ओळीनं आहेत. तो तांब्या, ह्यांच्या नोकरीचं पातेलं, माझ्या नेमणुकीची कळशी, अनिलच्या दहावीचा डबा, बारावीचं ताट, पदवीचा गडवा. आता वनरक्षकाला साजेसं काहीतरी मोठं घ्यायला हवं. मी पिंप म्हणाले. आत्याबाई हसल्या नाहीत, म्हणजे पसंत आहे.

३० जानेवारी

कार्यक्रम माघ पौर्णिमेला ठरला, १२ फेब्रुवारी, बुधवार. विहारातले तात्याबा वंदना घेतील, मग सत्कार, मग जेवण. ह्यांना चौकात फ्लेक्स लावायचा आहे. मी म्हटलं लावा, पोरगा एकदाच लागतो नोकरीला. माझा फोटो मात्र साडीतला घ्या, तो आधारकार्डावरचा नको.

सिरसाळ्याला मायाला फोन केला. ती आमची थोरली, अनिलपेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिला आधीच ठाऊक होतं, अनिलनं पहिला फोन तिलाच केला होता म्हणे. मला दुसरा आला. असू दे, बहीण आहे.

१ फेब्रुवारी

लिंबागणेशला जाऊन पिंप घेऊन आले. स्टीलचं, झाकणाचं. भांड्याच्या दुकानात बबनराव अजून आहेत. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, पण नाव टाकायची मशीन हातात धरली की हात हलत नाही. टरटर करत पेनासारखं चालवतात. मी कागदावर मजकूर लिहून नेला होता: 'चि. अनिल जालिंदर ओव्हाळ, वनरक्षक पदी निवड, आई-दादांकडून सप्रेम भेट, १२.२.२०२५.'

बबनराव मजकूर वाचून म्हणाले, "तुमच्या घरचं काम मला तोंडपाठ हाय बघा. तुमची पोरगी बी अशीच कागद घिऊन आलती. एकटीच. दिवाळीच्या टायमाला."

मी म्हटलं, "माझी पोरगी? आमच्या मायाचा दहावीचा डबा म्हनता व्हय? दहावीचा निकाल जूनमदी लागतो बबनराव."

"दिवाळीच व्हती," म्हणाले. "पोरीच्या बोटांना कापसाच्या बोंडांनी चिरा पडलेल्या. मी इचारलं तारीख कावून न्हाई, तर म्हनली, राहू द्या, आई टाकील."

म्हातारपण. शेकडो पोरी येतात, कुणाची गोष्ट कुणाला जोडतात. मी वाद घातला नाही. पिंपाचं झाकण नीट बसतं का ते बघितलं आणि निघाले.

५ फेब्रुवारी

आज माता बैठक झाली. ऊसतोडीमुळे बायका कमी, अकराच. विषय मुलींचं शिक्षण होता. वरून आलेला कागद वाचला की बायका जांभया देतात, म्हणून मी दरवेळी माझं उदाहरण देते. आजही दिलं. म्हटलं, माझी माया दहावीला केंद्रात पहिली आली तेव्हा आम्ही तिला नाव टाकून डबा दिला. पोराला देतात तसाच. आज सिरसाळ्याला तिच्या सासूनं तो कपाटात दिसेल असा ठेवला आहे. आपण मान दिला की पुढची माणसंही देतात.

ही गोष्ट सांगितली की बायका नेहमी गप्प होतात. शिवकन्या तर दर वेळी ऐकते आणि दर वेळी त्याच ठिकाणी मान खाली घालून काटा पुसायला लागते. तिची पोरगी वैष्णवी दोन वर्षांपूर्वी बारावी झाली, आता नवऱ्याबरोबर कारखान्यावर आहे. मी काही मुद्दाम तिला टोचत नाही.

फ्लेक्सचं चित्र मोबाइलवर आलं. अनिल मधोमध मोठा, खाली आम्ही दोघं, आत्याबाई, चुलते, मामा, अनिलचे अकरा मित्र. मायाचा फोटो राहिला. फ्लेक्सवाल्याला फोन केला तर म्हणतो छापायला गेला. असो, खाली 'समस्त ओव्हाळ परिवार' लिहिलं आहे, त्यात ती आलीच.

७ फेब्रुवारी

मायाचा फोन. येणार म्हणते, पण दोन दिवस आधी जमणार नाही. जीवन, म्हणजे आमचे जावई, बी-बियाण्याच्या दुकानात कामाला, त्यांना सुट्टी नाही. ती, तिची सासू साखराबाई आणि आमची नात प्रियदर्शनी अशा तिघी बुधवारी सकाळीच येतील.

मी म्हटलं, "येताना तुझा त्यो दहावीचा डबा घिऊन ये. समदी भांडी ओळीनं मांडायची हायत. तुझंच एक तिकडं हाय."

मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मला वाटलं फोन कटला.

"कशाला आई," म्हणाली. "जुना झालाय त्यो."

"जुना कसा? मी बघितलाय की, चकचकीत हाय. इसरू नको."

"बरं," म्हणाली.

मायाचं हे असंच. स्वतःचं काही पुढं करायचं म्हटलं की मागे सरते. लहानपणापासून. अनिलला तसं नाही, तो पाचवीतल्या चित्रकलेच्या बक्षिसावरही भांडं मागत होता.

८ फेब्रुवारी

आज आत्याबाईंनी डोकं फिरवलं. मी मांडणी घासत होते, त्या बघत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "मायाचं कुटं हाय?"

मी मोठ्यानं सांगितलं, सिरसाळ्याला, बुधवारी येणार आहे.

"तिला कवा दिलं?"

"दहावीला दिलं की."

"म्या न्हाई बघितलं," म्हणाल्या. "माझ्या हातनं खीर वाटल्याबिगर ह्या घरात भांडं आलं न्हाई. मायाच्या भांड्यातनं म्या खीर वाटली न्हाई."

आता ह्या वयात काय काय लक्षात राहणार? काल जेवल्या की नाही ते विचारावं लागतं. पण मला राग आला, खोटं बोलल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, माझ्या ह्या डोळ्यांनी बघितला आहे तो डबा. मायाच्या लग्नानंतर पहिल्यांदा सिरसाळ्याला गेले तेव्हा साखराबाईंनीच पुढं आणून ठेवला. म्हणाल्या, "ईनबाई, पोरीला दहावीला डबा दिलता तुमी, किती जपती ती." मी हातात घेऊन वाचला. 'आई-दादांकडून.' कधी टाकून आणला ते त्या वेळी मला नीट आठवेना, पण नाव आमचं होतं, रीत आमची होती, मग देणारे आम्हीच. मी त्यांना तांब्यापासून सगळं सांगितलं, चांगला अर्धा तास. माया तिथंच चहा ओतत होती. तिनं मान काही वर केली नाही.

हे लिहिता लिहिता ते बबनरावांचं बोलणं आठवलं. उगाच.

९ फेब्रुवारी, रविवार

पेटी काढली. आत्याबाईंचं तोंड बंद करायचं म्हणून काढली, हे खरं लिहिते. माझ्या सगळ्या डायऱ्या तिच्यात आहेत, पहिली नेमणुकीच्या वर्षाची. २०१३ ची लाल आहे, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण अक्षरं शाबूत आहेत. जशीच्या तशी उतरवून घेते.

'७ जून. मायाचा निकाल. केंद्रात पहिली. गुरुजी घरी येऊन गेले. अनिलला ताप, उतरेना. मायाला डबा घ्यायचा आहे, सोमवारी.'

'१० जून, सोमवार. अनिलला बीडला दवाखान्यात भरती केलं. डेंग्यू म्हणतात.'

मग दहा दिवस ताप किती, सलाईन किती, पेशी किती. एवढंच.

'२१ जून. अनिल घरी आला. गावभर पेढे वाटले. मायाचेही त्यातच झाले.'

डबा पुढच्या पानांवर कुठंच नाही. जुलै बघितला, ऑगस्ट बघितला. गावातल्या सत्तावन्न पोरांची वजनं आहेत, कुणाला कोणता डोस दिला ते आहे. नोव्हेंबरात एक ओळ सापडली.

'माया दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला जाते आहे. अभ्यास सोडून हे काय खूळ? चांगलं झापलं तिला. ऐकत नाही.'

ही ओळ मी तीनदा वाचली. अक्षर माझंच आहे.

डबा आम्ही दिलाच नाही. तिनं कापूस वेचून घेतला आणि त्यावर आमचं नाव टाकलं. आणि मी तो माझ्या विहिणीपुढं मिरवला, दर महिन्याला गावच्या बायकांपुढं मिरवला, तिच्यासमोर मिरवला. कुणी मला आज सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. पण हे सांगणारी मीच आहे.

१० फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. त्यांनी डायरी घेऊन ते पान स्वतः वाचलं. मग म्हणाले, "मला वाटलं तू दिला. तुला वाटलं मी दिला." तेही खरं नाही. आम्हाला दोघांनाही काहीच वाटलं नव्हतं.

आता काय करावं कळत नाही. डबा घेऊन ये असं मीच सांगून बसले. नको आणू म्हणावं तर कारण काय सांगू? साखराबाई येणार. सगळ्यांसमोर चूक कबूल करावी असं मनात येतं, पण मग मायाच खोटी पडेल. नऊ वर्षं तिनं सासरी आमचं नाव राखलं, ते मी भर मांडवात पुसून टाकायचं का? आणि आत्याबाई? त्यांना गप्प बसा म्हणावं तर गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणावं लागेल.

त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "तुमचं खरं हाय. म्या दिलं न्हवतं. बुधवारी काय बोलू नका."

माझ्याकडं बघत राहिल्या. "तू बोलनार का?" म्हणाल्या.

मी चहा टाकायला उठले.

१२ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

बाकी सगळे जेवून आडवे झाले आहेत. हे आणि अनिल मांडव सोडताहेत, मी ओट्यावर बसून लिहिते आहे. संध्याकाळचे पाच.

माया सकाळी साडेनऊला उतरली. प्रियदर्शनी पुढं पळत आली. दुसरीत आहे, वाचायला येतंय म्हणून दिसेल ते वाचत सुटते, दुकानाच्या पाट्या, बिस्किटाचा पुडा, काहीही. चौकातला फ्लेक्स तिनं पूर्ण वाचला होता. आल्या आल्या विचारलं, "आजी, फ्लेक्सवर मम्मी कुठंय?" मी म्हटलं, जागा पुरली नाही. ती म्हणाली, "पण मामाचे मित्र किती हायत." मी तिला केळं दिलं.

माया हिरव्या साडीत होती, थोडी वाळली आहे. पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला आणि लगेच स्वयंपाकघरात गेली. मी डबा उलटा-सुलटा करून बघितला. तारखेची जागा कोरी. इतक्या वर्षांत मला ती कधी दिसली नाही.

तात्याबांनी मेणबत्त्या लावून वंदना घेतली. त्रिशरण-पंचशील झालं. सत्काराच्या वेळी अनिल फेटा बांधून उभा राहिला आणि भाषण करायला लावल्यावर घाबरला. मग म्हणाला, "मी काय जास्त बोलत न्हाई. पण रोज पहाटं पाचला ताई फोनवर माझे प्रश्न घ्यायची. दोन वर्सं. तिचं घरचं आवरायच्या आदी. चुकलं की शिव्या द्यायची." लोक हसले. मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं पोरगा पहाटे अंगणात फोनवर बोलतो ते मी रोज ऐकत होते, मला वाटायचं मित्र आहे.

भांडी टेबलावर ओळीनं मांडली होती. खीर वाटायच्या आधी प्रियदर्शनी टेबलाजवळ गेली आणि मोठ्यानं वाचायला लागली. माणसं कौतुकानं गप्प झाली. 'जालिंदर सातवी पास', तारीख. 'सौ. वनिता अंगणवाडी सेविका', तारीख. ओळीनं सगळी. शेवटून दुसऱ्या भांड्यापाशी आली. "कु. माया जालिंदर ओव्हाळ, शालान्त परीक्षेत केंद्रात प्रथम, आई-दादांकडून सप्रेम भेट." तिथं थांबली. डबा फिरवून बघितला. "आजी, ह्याच्यावर तारीखच न्हाई."

साखराबाईंना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "असं कसं? समद्यावर हाय. ईनबाई, हिची तारीख कावून राहिली?"

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. आत्याबाईंनी काठी दोन्ही हातांत धरली होती आणि त्याही माझ्याकडंच बघत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात माया पळी हातात घेऊन उभी होती.

'राहून गेली' एवढंच म्हणायचं होतं. तोंडात तयार होतं. पण आयुष्यभर तिच्या बाबतीत तेच म्हणत आले, ते मला म्हणवेना. मी म्हटलं, "ईनबाई, चूक माझी हाय. तारीखच न्हाई, त्या डब्याचं समदंच माझ्याकडनं..."

"आई," माया दारातून म्हणाली, "खीर खाली लागती बघ. आदी इकडं ये."

मी गेले. मागे तात्याबांनी अनिलच्या पिंपाला हार घातला आणि लोक टाळ्या वाजवायला लागले.

खीर लागली नव्हती. मायानं गॅस आधीच बंद केला होता. मी म्हटलं, "माया, त्यो डबा मी दिला न्हवता."

"मला माहीत हाय," म्हणाली.

"मग कधी बोलली कावून न्हाईस?"

"कवा बोलू? तू माझ्या सासूपुढं डबा हातात घेतलास. मला वाटलं आता ही म्हनंल, मला आठवत न्हाई. तू तर तांब्यापसून सांगत बसलीस." पातेल्यावर झाकण ठेवलं. "डब्याचं मला काय न्हाई आई. पोरगा आजारी व्हता, मला काय कळत न्हवतं व्हय? मी बी त्याच्यासाठी रडत व्हते. पर तू बैठकीत सांगतीस ना दर म्हैन्याला, ते मला सिरसाळ्याला कळतं. कोन ना कोन सांगतंच. लोक म्हनत्यात तुझी आई लई चांगली. मी हो म्हनते."

मी विचारलं, "आमचं नाव कावून टाकलंस?"

"आपलं आपन घ्यायचं न्हाई, घरानं द्यायचं. आजीचा नियम. मग मी काय लिवायचं व्हतं?"

"आन तारीख?"

ती पळीनं झाकणाच्या कडेवर काहीतरी खरवडत होती, तिथं काही नव्हतं. "तारीख तुझ्यासाटी ठिवली. म्हनलं एक दिस डबा तुला दावीन. तू म्हनशील, आगं इसरले की मी, चल तारीख टाकू. तीन वर्सं पेटीत ठिवला. दावायचा धीर न्हाई झाला. मग लगीन झालं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तिनं ठेवू दिला, पण जवळ आली नाही. म्हणाली, "आता खीर ने. माणसं थांबली हायत."

मी पिंपातली खीर वाटली नाही. आधी टेबलावरचा डबा आणून धुतला, त्यात खीर ओतली आणि आत्याबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवला. म्हटलं, "पयली ह्यातली वाटा." त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. पहिली वाटी स्वतःच्या हातानं मायाला दिली, दुसरी अनिलला. अनिलनं फेटा काढून बाजूला ठेवला आणि खाली बसून खाल्ली. पोरात अक्कल आहे.

१३ फेब्रुवारी

साखराबाई आणि प्रियदर्शनीला आत्याबाईंपाशी बसवून मी आणि माया लिंबागणेशला गेलो. जीपमध्ये दोघी शेजारी बसलो. तिनं डबा मांडीवर धरला होता.

बबनरावांनी चष्म्यावरून बघितलं. "आज दोघी आल्या," एवढंच म्हणाले. डबा ओळखला त्यांनी. बोट बरोबर त्या कोऱ्या जागेवर टेकवलं.

"कोनती तारीख टाकू?"

मी मायाकडं बघितलं. मी मनात सात जून धरून गेले होते. निकालाची. ती टाकली की भांडं बाकीच्यांसारखं झालं असतं, कुणाला काही कळलं नसतं, साखराबाईंनाही नाही. खरं सांगायचं तर मला तेच बरं वाटत होतं.

माया म्हणाली, "आजची."

"आजची टाकली तर समदे इचारतील," मी म्हटलं. "तुझ्या सासूला काय सांगशील?"

"खरं सांगीन. त्यांना त्यांच्या आईनं काय बी दिलं न्हवतं. त्या काय म्हनायच्या न्हाईत."

मी बबनरावांना म्हटलं, मशीन माझ्याकडं द्या. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग दिली. हातात धरल्याबरोबर ती कोपरापर्यंत थरथरते हे मला ठाऊक नव्हतं. रजिस्टरं लिहून लिहून माझं अक्षर चांगलं आहे, सुपरवायझर नेहमी म्हणतात. पण एकचा पाय घसरला आणि तीन उलट्या बाजूला कलला. २०२५ मधला पाच तर कुणाला पाच वाटणारच नाही. बबनराव म्हणाले, पॉलिश मारून काढतो, नव्यानं टाकू.

माया म्हणाली, "राहू द्या. चांगलं हाय."

तिनं पदरानं डबा पुसला आणि मग माझ्या हातात दिला. मला समजलं नाही. मग समजलं. मी तो दोन्ही हातांनी तिला दिला. भांड्याच्या दुकानात, गिऱ्हाईकं बघत होती, एक बाई परात वाजवून बघत होती. मला रडू आलं. मायाला नाही आलं. तिनं डबा पिशवीत ठेवला आणि विचारलं, "चहा घेऊ का आई?" आम्ही चहा घेतला.

घरी आल्यावर २०१३ ची लाल डायरी काढली. 'मायाला डबा घ्यायचा आहे, सोमवारी' या ओळीपुढं लिहिलं: दिला, गुरुवारी, १३.२.२०२५.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी तिघी-चौघींना निरोप देऊन जादा बैठक बोलावली. पंधरा बायका आल्या. कागद कुठलाच वाचला नाही. म्हटलं, मी तुम्हाला डब्याची गोष्ट सांगते ती चुकीची आहे. मग खरी सांगितली. कापूस वेचल्याचं, झापल्याचं, तारखेचं, सगळं. कुणी जांभई दिली नाही, कुणी कौतुकही केलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे बाई, पोरगा आजारी व्हता." मी म्हटलं, पोरगा अकरा दिवस आजारी होता. त्यानंतर बारा वर्षं झाली.

बायका गेल्या. शिवकन्या मागे राहून काटा पुसत बसली. आज सकाळीच तो दोनदा पुसला होता.

"बाई," म्हणाली, "आमच्या वैष्णवीचं बारावीचं दोन वर्सं झाली. ती पाडव्याला कारखान्यावरनं येनार हाय. आता नाव टाकून मिळतं का?"

मी म्हटलं, "मिळतं. तारीख मात्र आजची पडते."

तिनं थोडा विचार केला. "पडू द्या," म्हणाली आणि विचारलं, लिंबागणेशची जीप किती वाजता असते.